शब्बीर मिस्त्रीची तार

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढं मी शब्बीर मिस्त्रींना पुष्कळ बोलणार आहे. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून काढल्यावर तेवढा हक्क आहे मला.

भोरमध्ये आमचं स्पेअर पार्टचं दुकान. आमचे हे एसटीत कंडक्टर, म्हणून गल्ल्यावर मी. शेजारी मिस्त्रींचं गॅरेज, आणि गॅरेजच्या मागं दोन खोल्यांत मिस्त्री आणि जैबूनभाभी. मूलबाळ नव्हतं. मधली भिंत पत्र्याची. त्यांच्याकडं पाना पडला तर माझ्याकडं दचकायला व्हायचं, आणि माझं गिऱ्हाइकाशी वाजलं की पत्र्यापलीकडून आवाज यायचा, "वैनी, जरा नरमाईनं घ्या, गिऱ्हाईक हाय ते!" स्वतः मात्र गिऱ्हाइकाला असं झाडायचे, की एकदा एकजण चपला घालायच्या विसरून गेला.

शिडशिडीत अंग, दाढीत कायम कुठंतरी ग्रीस, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. चहा फक्त बशीतून. कपातून पिणाऱ्या माणसाला घाई असते आणि घाई असणाऱ्यानं गाडीला हात लावू नये, असं त्यांचं मत. मत म्हणजे काय, कायदाच. मी कपातून पिते म्हणून माझ्या हातचे पार्ट ते दोनदा तपासून घ्यायचे.

गाडी ओढत नाही, धूर टाकते, चढाला बसते, तक्रार काही का असेना, मिस्त्री आधी बॉनेट उघडून हवेच्या नळीवर तळहात ठेवायचे आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाईक आपलं सांगतंय, मिस्त्री, डिझेल बघा, पंप बघा. हे म्हणायचे, "आधी श्वास बघू. पोटात काय गेलं ते मागनं."

आता ही हवेची भानगड मला जेवढी कळली तेवढी सांगते. इंजिनात जाणारी हवा आधी फिल्टरमधून जाते, आणि फिल्टरच्या पुढं नळीत एक बोटभर सेन्सर असतो. त्यात केसासारखी बारीक तार. सगळे सेन्सर म्हणतात, मिस्त्री 'तार' म्हणायचे. ती काय करते, हे ते येईल त्याला बशी पुढं करून समजावायचे.

"ही बशी बघा. च्या गरम. फुंकर मारली की गार. आता कुणी हट्ट धरला, का फुंकर मारा पण च्या गार व्हता कामा न्हाई, तर काय करावं लागंल? खालनं जाळ लावावा लागंल. फुंकर जोरात, तर जाळबी जास्त. व्हय का न्हाई? तार तेच करती. हवा तिला गार करती, गाडी तिला करंट दिऊन गरम ठिवती. किती करंट लागला, त्यावरनं वळखायचं किती हवा गेली."

एवढं सांगून होईस्तोवर चहा गार झालेला असायचा. तो प्यायचा आणि बोट वर करायचं. "पन व्होल्ट म्हंजे हवा न्हाई. व्होल्ट म्हंजे नुसतं तारंचं म्हणणं. त्याचं ग्रॅम करावं लागतंय."

ते ग्रॅम करायचा तक्ता त्यांनी गॅरेजच्या भिंतीवर नंबरप्लेटच्या पांढऱ्या रंगानं काढून ठेवला होता. आडवे व्होल्ट, उभे ग्रॅम, सेकंदाला किती हवा आत जाते ते. मधून एक रेघ. ती रेघ सरळ नव्हती. सुरुवातीला नसरापूरच्या रस्त्यासारखी सपाट, आणि पुढं वेल्ह्याच्या वरचा चढ लागावा तशी उभी. व्होल्ट जरासा वाढला तरी हवा कितीतरी पट वाढते, असं तिचं म्हणणं. जिचे ग्रॅम ठाऊक अशी एक चांगली तार आणि एक अनोळखी तार एकाच नळीत बसवून, इंजिन कमी-जास्त करून, मिस्त्रींनी उन्हाळाभर खपून ती रेघ जुळवली होती. वेल्ह्याकडचे एक आजोबा ट्रॅक्टरचं काम घेऊन आले, भिंतीकडं बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "मिस्त्री, ह्यो तोरणा काढलाय का राजगड?"

कांद्याच्या गाड्या भरणारे तर छळायचेच. "मिस्त्री, दोन किलो हवा बांधून द्या." मिस्त्री तोंड वर न करता म्हणायचे, "पिशवी आणलीया का?"

सगळंच बरोबर यायचं असं मुळीच नाही हं. एकदा बँडवाल्यांचा टेम्पो आला. ओढ नाही. मिस्त्रींनी तार काढली, धुतली, परत लावली, व्होल्ट बघितले, भिंतीकडं बघितलं, बँडवाल्यांना तारेवर व्याख्यान दिलं. लग्नाची वेळ टळत चालली. शेवटी क्लॅरिनेटवाल्यानं वैतागून फिल्टरच्या डब्यात हात घातला, तर आतून निघाला नवरदेवाकडचा फेटा! कुणीतरी जपून ठेवायला म्हणून तिथं कोंबलेला. मिस्त्री इतके हसले की खाली बसले. मग सगळ्यांना चहा, आणि वाजवायला लावलं गॅरेजच्या दारातच. जैबूनभाभी मागच्या दारातून म्हणाली, "बघा, तार म्हणत व्हती दम कोंडलाय, खरंच व्हतं की तिचं."

कामथडीच्या एका पोरानं गाडी पळावी म्हणून हवेची नळी बदलून जाडजूड बसवून आणली, वर तार जुनीच. गाडी अजूनच मरगळली. मिस्त्री त्याला म्हणाले, "भाटघरला धरणाच्या खालती नदी बघितलीस? पात्र निमुळतं तिथं पाणी पळतंय, रुंद तिथं निवांत. पाणी तेवढंच. तुझ्या रुंद नळीत हवा निवांत चालली, तारंला वाटलं थोडीच आली. तार खरं बोलली, तूच तिला खोट्या जागी बसवली." पोरगा तोंड पाडून गेला. तक्ता ज्या नळीचा, त्याच नळीला चालतो, हे मला तेव्हा कळलं.

पण त्यांचा सगळ्यात मोठा नियम वेगळाच होता. डोंगरातला माणूस यायचा, म्हणायचा गाडी चढाला ओढत नाही. मिस्त्री मीटर घेऊन त्याच्याबरोबर निघायचे. आधी भोरात, अंगणात, इंजिन एका ठरावीक फेऱ्यांवर धरून व्होल्ट बघायचे, त्याचे ग्रॅम करायचे. मग वर जाऊन तसंच. दोन्ही एकाच दिवशी. कुणी म्हणालं, खालचं तर मागच्या आठवड्यात बघितलं होतं की, तर अंगावर धावून जायचे. "कालचा आकडा शिळा! आधी खाली मोजायचं, मंग वर. नायतर चढाला शिव्या देशील आन् खोट निघंल तारंत."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की माझ्या दुकानातल्या घड्याळानंसुद्धा म्हणून दाखवलं असतं.

जैबूनभाभीबद्दल काय सांगू. बुटकी, गोरी, हसली की डोळे गायब. माहेर पासलीचं, वेल्ह्याच्या वर डोंगरात. तिथं मुसलमानांची थोडीच घरं, भातशेती करणारी. तिचा भाऊ हुसेन तिथंच शेती करतो. आणि अम्मा. अम्मावर तिचा फार जीव. दर महिन्याला मिस्त्रींच्या जुन्या जिपेत बसून माहेरी जायची, येताना तांदूळ, करवंदं, काय काय आणायची, आणि पहिला वाटा माझा. मिस्त्री मुद्दाम कुरकुरायचे. "डिझेल हितलं, प्रेम तितलं." ती म्हणायची, "माझ्यापरास त्या जिपंच्या नाकाची काळजी जास्त तुमाला. उद्या मला खोकला झाला तर फिल्टर बदलाल." 

कुठल्या वेळी तोंडातून काय निघतं, बघा.

खोकला झालाच. आधी साधा, मग न जाणारा. मग माझ्या दुकानापर्यंत चालत यायची तर पायरीवर बसून राहायची. पुण्याला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं आकसत चाललीत, आता जपायचं. बोटाला लावायचा चिमटा दिला, त्यात आकडा दिसतो. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. मिस्त्रींनी डॉक्टरांना विचारलं, "हा ब्याण्णव दिसतोय म्हंजी नेमकी किती हवा आत गेली?" डॉक्टर भला माणूस, त्यानं समजावलं की हा आकडा हवेचा नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा. मिस्त्रींना ते पटलं. व्होल्ट म्हणजे हवा नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण मग ग्रॅम करायचा तक्ता कुठं, हे त्यांना कुणी सांगू शकलं नाही. 

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. घरात धूर नको. आणि उंचावर नेऊ नका, वर हवा विरळ असते. डॉक्टरांच्या डोळ्यांपुढं कुठलं तरी थंड हवेचं ठिकाण असणार. मिस्त्रींच्या डोळ्यांपुढं पासली आली.

त्याच दिवसांत अम्मा गोठ्यात पडली. खुब्याचं हाड मोडलं. आता तिला गाडीत घालून खाली आणायची सोय नाही. हुसेननं एकदा प्रयत्न केला, पहिल्याच वळणाला म्हातारी अशी ओरडली की परत फिरला. कान गेलेले, डोळ्यांना अंधुक. लेक चढू शकत नाही, आई उतरू शकत नाही. फोन लावला तर अम्मा नुसती "कोन? कोन?" करायची, आणि भाभीला ओरडून बोलायला दम नाही. मिस्त्री तिच्या वतीनं ओरडायचे, "जैबू हाय, अम्मा, जैबू!" भाभी फोन खाली ठेवायची. "तुमचा आवाज काय करायचा तिला? तिला माझा पायजे."

तिचं मागणं एकच होतं. एकदा अम्माला भेटायचं. मला म्हणाली, "ताई, लई न्हाई. तिच्या शेजारी बसून एक वेळ भात खाल्ला तरी पुरं."

मिस्त्री म्हणाले, "नेतो. पन आधी वरची हवा मोजून येतो."

आम्ही हसलो. मला वाटलं, बिचारे, तेवढाच आधार. पण त्यांनी ते मनावर घेतलं. अंगणात जीप उभी करून तिच्याच तारेला मीटर लावलं, इंजिन ठरलेल्या फेऱ्यांवर धरलं, खालचा आकडा पक्का केला. दर आठवड्याला अम्माची औषधं घेऊन पासलीला जायचं, तिच्या घरापुढं तसंच इंजिन धरायचं, व्होल्ट बघायचे, डोक्यात ग्रॅम करायचे आणि परत यायचं. पहिल्यांदा आले ते खुशीत. "जरासाच फरक हाय. जैबू, चार दिस ताकद धर, जाऊ." भाभीनं त्या दिवशी केसाला तेल लावून घेतलं माझ्याकडून.

पुढच्या वेळी आले तर तोंड उतरलेलं. आकडा खाली गेला होता. "पावसाळी दमट हवा असंल. थांबू." त्याच्या पुढच्या वेळी अजून खाली. मग पाऊस संपला, ऊन पडलं, तरी आकडा खालीच. "वर हवाच ऱ्हायली न्हाई, वैनी," मला म्हणाले. "कसं न्यायचं तिला?"

मी एकदा तडकलेच. म्हटलं, "अहो मिस्त्री, पासलीला माणसं राहतात की नाही? अम्मा कशी जगली एवढी वर्षं? बरोबर सिलिंडर घ्या, हुसेनला बोलवा, आणि घेऊन जा तिला. आकडे काय बघत बसलाय!"

ते माझ्यावर भडकले नाहीत. तेच जास्त लागलं मला. चष्मा काढून पुसला नुसता. "वैनी, चढाला तिचा दम गेला तर म्या काय करू? तार सांगतीया न्हाई म्हणून. तार खोटं सांगंल व्हय?"

भाभीला म्हटलं, तू तरी हट्ट धर. ती म्हणाली, "ते न्हाई म्हणत्यात तर न्हाई, ताई. त्यांच्या तारंला कळतं."

आता ऊद. तिच्या माहेरी दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, दिवेलागणीला ऊद जाळायची रीत. अम्मा घरभर, गोठ्यापर्यंत ऊददाणी फिरवायची. लग्न होऊन आल्यापासून भाभीनं ती भोरात चालू ठेवली होती. "त्याच वेळंला अम्मा तिकडं लावती, म्या हिकडं लावते," असं म्हणायची. डॉक्टरांनी धूर बंद केला, तशी घरातली ऊददाणी मिस्त्रींनी उचलून माळ्यावर टाकली. पण बाईनं माझ्या कामवालीकडून ती काढून घेतली. गुरुवारी मिस्त्री मगरिबच्या नमाजाला मशिदीत गेले, की ही खिळ्यावरची किल्ली घेऊन जीप चालू करायची, ऊददाणी हवेच्या नळीच्या तोंडाशी ठेवायची आणि स्वतः लांब, वाऱ्याच्या उलट अंगाला, माझ्या पायरीवर येऊन बसायची. इंजिन धूर ओढून घ्यायचं. सरळ रेघेत, एक वेटोळंसुद्धा बाहेर नाही. तिला त्याची फार गंमत. "बगा ताई, जीप कशी ऊद घेती! मला धूरबी लागत न्हाई आन् जुम्मेरातबी ऱ्हात न्हाई. मधी फिल्टरची जाळी हाय की, हे म्हणत्यात जाळी सगळं अडवती."

मलाही वाटलं, हुशार आहे बाई. आम्ही दोघी पायरीवर बसून ती जीप बघायचो. इंजिन चालू, नळीच्या तोंडाशी निखारा, आणि भाभी ओठांतल्या ओठांत काही म्हणत असायची. अम्माशीच बोलत असणार.

भात काढणी झाली. हुसेननं नवा तांदूळ पाठवला. तिनं तो शिजवून घेतला, दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. थंडीत एका सकाळी उन्हात बसली होती, मी दुकान उघडता उघडता तिच्याकडं बघून हात केला. तिनंही केला. शटर वर सारून वळले तर मान कलंडलेली. मिस्त्री आतून पळत आले. बोटाचा चिमटा शोधत होते. मी म्हटलं, "मिस्त्री, राहू द्या आता." तरी त्यांनी तो आणून तिच्या बोटाला लावलाच.

दफन भोरलाच झालं. हुसेन आला, अम्मा कशी येणार? तो म्हणाला, "सांगितलंय अम्माला. पन कानात शिरलं का न्हाई, अल्लाला ठाऊक."

त्यानंतर गॅरेज बंदच. मिस्त्री अंगणात खाटेवर बसून असायचे. मी डबा द्यायची, अर्धा परत यायचा. चाळिसावा झाल्यावर एक दिवस म्हणाले, "अम्माकडं गेलो न्हाई तवापासनं. औषधं संपली असत्याल." जीप काढली. कोपऱ्यापर्यंत गेली असेल, तर मागं फिरून आले. सपाटीलाच ओढेना. बॉनेट उघडलं, नळीवर तळहात ठेवला, डोळे मिटले. मला जरा बरं वाटलं, म्हटलं, चला, हात तरी चालायला लागला.

तार बाहेर काढली. नाकाशी नेली. आणि तसेच उभे राहिले.

"वैनी," त्यांनी हाक मारली, "हिला उदाचा वास कसा?"

मी आपलं सगळं सांगितलं. गुरुवार, ऊददाणी, जीप चालू करणं, पायरीवर बसणं. मला वाटलं, तिची आठवण ऐकून त्यांना बरं वाटेल. ते हसलेसुद्धा. "जिपंला ऊद पाजत व्हती? काय बाई हाय!" आहे म्हणाले, होती नाही. मग हसणं थांबलं. तार उन्हात धरून बघत राहिले. त्या केसाएवढ्या तारेवर काळपट, चिकट पुट चढलं होतं.

"जाळी धूळ अडवती, वैनी," हळूच म्हणाले. "धूर न्हाई अडवत. उदाची राळ तारंवर जाऊन बसली. तारंला पांघरूण पडलं. मंग हवा तिला गार कुठनं करणार? हवा तेवढीच जायची, हिला थोडी वाटायची. दर जुम्मेरातीला अजून थोडी."

मला क्षणभर काही उमजलं नाही. त्यांच्याकडं बघितलं आणि उमजलं. वर पासलीला हवा कमी झालीच नव्हती.

"पण मग इथं अंगणातही कमीच दाखवलं असतं की," मी म्हटलं.

मिस्त्री खाली बसले. जमिनीवरच, जिपेच्या चाकाला टेकून. "दाखवलं असतं. पयल्या दिवशी मोजलं, त्योच आकडा डोक्यात धरून बसलो. येकदाबी परत बघितलं न्हाई. वर जायची घाई, तिला काय सांगायचं त्याची घाई." आणि मग लहान मुलासारखे माझ्याकडं बघून म्हणाले, "खाली मोजायचं ऱ्हायलं, वैनी."

मी त्यांना बोलणार होते. खूप बोलणार होते. वर्षभराचं साठलेलं होतं.  पण मीही शेजारी बसले आणि पदर तोंडाला लावून रडले. अहो, सगळ्या तालुक्याला सांगत फिरणारा माणूस! शेजारच्या गल्लीतल्या कुणाचीही गाडी असती, तर त्यानं आधी खाली मोजलं असतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री पासलीला निघाले. एकट्याला सोडायला नको म्हणून आमचे हे आणि मी बरोबर गेलो. निघताना त्यांनी तार सफाईचं औषध मारून धुतली. औषध उडालं आणि अंगणभर उदाचा वास सुटला. त्यांच्या हातांना, मनगटांना, सदऱ्याला, सगळीकडं तोच. मग अंगणात इंजिन धरलं, मीटर बघितलं, मोठ्यानं आकडा म्हटला. कुणाला ऐकवत होते, मी विचारलं नाही. कामथडी, नसरापूर, वेल्हं, सगळ्या रस्त्यानं जीप भरभर चालली होती. वरचा चढ तर तिनं दमही न खाता घेतला. मिस्त्रींच्या शेजारची सीट रिकामी होती, आम्ही दोघं मुद्दाम मागं बसलो होतो.

अम्माच्या घरापुढं जीप थांबवून त्यांनी परत इंजिन धरलं. मीटरकडं बघत राहिले. आमच्या यांनी विचारलं, "किती?"

"तेवढंच," मिस्त्री म्हणाले. "जरासं कमी. मान्साला कळायचंबी न्हाई."

इंजिन बंद केलं आणि आत गेले. अम्मा पडवीत खाटेवर पडलेली, मुठीएवढी झालेली. मिस्त्री वाकून तिचा हात हातात घेऊन बसले. म्हातारीनं हुंगल्यासारखं केलं. त्यांचे हात ओढून नाकाशी नेले, एक मग दुसरा. आणि तिचं तोंड असं उजळलं, असं उजळलं, की मला तिथं उभं राहवेना.

"जैबू," ती म्हणाली, "आली का गं?"

हुसेन पुढं झाला, तिच्या कानाशी वाकून काही सांगायला. मिस्त्रींनी त्याला हातानं अडवलं. उभ्या जन्मात या माणसानं कुणाला खोटा आकडा सांगितला नव्हता. आकड्यापायी गिऱ्हाइकं तोडली, भांडणं घेतली.

"व्हय, अम्मा," ते तिच्या कानात ओरडून म्हणाले, "आली."

आमची परतीची एसटी समोरच उभी राहते. मिस्त्री म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, म्या ऱ्हातो हितंच. ते राहिले ते राहिलेच. गॅरेजला कुलूप आहे, भिंतीवरची ती रेघ तशीच आहे आत.

त्या दिवशी एसटीच्या खिडकीतून मला पडवी दिसत होती. हुसेनच्या बायकोनं चहा आणला होता. मिस्त्रींनी बशीत ओतला, फुंकर घालून घालून गार केला आणि अम्माच्या ओठाला लावला. अम्मानं दोन घोट घेतले, मान फिरवली आणि खाटेच्या रिकाम्या बाजूला हात करून काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही, पण कळलं.

मिस्त्रींनी दुसरी बशी मागून घेतली. तिच्यात चहा ओतला आणि तिच्यावर फुंकर घालायला लागले.